कोरडा पुठ्ठा

थोरलीचं घर आणि धाकटीचं घर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. भावाभावांनी वाटण्या केल्या तेव्हा नळ वेगळे झाले, विजेची मीटरं वेगळी झाली, अगदी छपराची पन्हळसुद्धा दोन तोंडांची झाली. पोर्च तेवढं वाटायचं राहिलं. मधे भिंत घातली असती तर दोन्हीकडच्या गाड्यांची दारं उघडली नसती. बरंच झालं म्हणा. माणसाला भांडायला एखादी तरी सामाईक जागा लागतेच.

गाड्या दोन्ही म्हाताऱ्या. थोरलीची निळी, धाकटीची पांढरी. निळी थोरलीच्या नवऱ्यानं कोरी घेतलेली. पांढरी धाकटीकडे दुसऱ्याच्या हातून आलेली, आणि मागच्याच वर्षी तिला नवा रंग दिलेला. थोरली म्हणायची, "आमची म्हातारी आहे, पण हातपाय धड आहेत. काही जणी नुसत्या रंगावर उभ्या असतात." हे म्हणताना ती गाडीकडे बघत नसे, जावेकडे बघत असे.

तर झालं असं, की पोर्चच्या फरशीवर सकाळी डाग दिसायला लागला. फरशीला दोन्हीकडून मधल्या जाळीकडे उतार, त्यामुळे जे काही सांडेल ते ओघळून बरोबर मधोमध यायचं. डाग कुणाच्या गाडीचा, ते डागालाही सांगता आलं नसतं.

"जाऊबाई, तुमच्या म्हातारीनं पुन्हा शू केली वाटतं," धाकटी म्हणाली.

"माझी गाडी लहानपणापासून या घरात वाढलीय," थोरली म्हणाली. "तिला वळण आहे. बाहेरून आणलेलीचं काय ते तू बघ."

"बाहेरून तर आपण दोघीही आलोय."

"मी आधी आले."

धाकटीनं आपल्या दारातून बादलीभर पाणी फरशीवर ओतलं आणि ते सगळं थोरलीच्या पायरीकडे झाडून काढलं.

थोरलीच्या घरी ती, तिचा नवरा, सून आणि पाच वर्षांची नात चिमी. मुलगा परगावी कामाला, सुट्टीला यायचा. थोरल्यांचे डोळे अधू झाल्यापासून गाडी सुनेच्या हाती होती. सकाळी चिमीला शाळेत सोडायचं आणि तशीच पुढं आपल्या कामावर जायचं. सून बोलायला कमी. थोरलीला ते आवडायचंही आणि खुपायचंही, कारण कमी बोलणाऱ्याला टोमणा मारला की तो विहिरीत खडा टाकल्यासारखा. आवाज कधी येईल भरवसा नाही.

त्या आठवड्यात एकदा सून म्हणाली होती, "आई, ब्रेकचं पेडल हल्ली खोल जातं. दोनदा दाबावं लागतं."

"मग दोनदा दाब. पाय काय भाड्यानं आणलेत?"

"मिस्त्रींना दाखवायला हवं."

"तुझे ते जाड तळाचे बूट बदल आधी. गाडीला नावं ठेवायची म्हणजे सोपं काम. नाचता येईना, अंगण वाकडं."

सुनेनं गाडीची किल्ली खुंटीला अडकवली. खडा विहिरीत गेला.

शेवटी डागाचा निवाडा करायला मागच्या गल्लीतला मिस्त्री आला. दोन्ही गाड्यांची कामं तोच करायचा, त्यामुळे दोघींच्या तोंडाला तो सारखाच घाबरायचा. त्यानं फरशीकडे पाहिलं, पण धाकटीनं तेवढ्यात ती धुऊन लख्ख केली होती. पाहायला काही उरलंच नव्हतं.

"असं करा मोठ्या काकू, धाकट्या काकू," तो म्हणाला. "संध्याकाळी गाड्या लावल्या की दोन्हींच्या खाली एकेक पुठ्ठा सरकवा. चांगला मोठा. सकाळी ज्याच्यावर डाग, त्या गाडीचं मी काम करतो. भांडण नको."

धाकटीकडे नव्या फ्रिजचं खोकं होतं. ते फाडून तिनं दोन पुठ्ठे केले आणि दोन्ही गाड्यांखाली सरकवले. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खूण करून ठेवायची का पुठ्ठ्यांवर?"

"का? इथं चोर राहतात का?" थोरली म्हणाली.

"नाही हो, आपलं म्हटलं."

"आपलं म्हणू नकोस. झोप जा."

सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची सवय थोरलीची. ती पोर्चमध्ये आली, गुडघ्यावर हात देऊन खाली वाकली आणि निळ्या गाडीखालचा पुठ्ठा ओढला.

मागच्या डाव्या चाकाजवळ तळहाताएवढा ओला डाग होता. ताजा. मधोमध अजून चमकत होता.

थोरलीला कुणीतरी भर बाजारात हाक मारून उसने पैसे मागितल्यासारखं झालं. तिनं पांढऱ्या गाडीखालचा पुठ्ठा ओढला. तो खडखडीत कोरडा. फ्रिज जसा आला तसा.

ती तिथंच उकिडवी बसून राहिली. वर्षानुवर्षं जे बोलली ते सगळं आता एकेक करून घरी परत येणार होतं. वळण, संस्कार, रंगावर उभ्या असणाऱ्या. धाकटी एक शब्द वाया जाऊ देणार नव्हती. ती भाजीवाल्याला सांगेल, इस्त्रीवाल्याला सांगेल, पुढच्या गल्लीतल्या बहिणीला फोनवर सांगेल, आणि तेही दार उघडं ठेवून.

तेलच तर आहे, थोरलीनं मनाशी म्हटलं. म्हातारपणी कुणाचं काय गळत नाही? आठवडा जाऊ दे, मिस्त्रीला हळूच बोलावू, गुपचूप काम करून घेऊ. कोण मरतंय थेंबभर तेलानं?

आणि तिनं पुठ्ठे बदलले. ओला पांढऱ्या गाडीखाली सरकवला, तोही मागच्या डाव्या चाकाशी नीट जुळवून. कोरडा आपल्या निळीखाली. मग घरात जाऊन हात साबणानं धुतले आणि चहा ठेवला. चहाही त्या दिवशी छान झाला, हे सांगायला हवं.

धाकटी उठून आली तेव्हा थोरली पायरीवर कपबशी घेऊन बसली होती.

"काढू का पुठ्ठे?" थोरली म्हणाली. "की तूच काढतेस?"

"काढा तुम्हीच. तुम्ही मोठ्या."

थोरलीनं दोन्ही पुठ्ठे दोन हातांनी ओढून उजेडात धरले. धाकटीचा चेहरा पडला. पडला म्हणजे असा की थोरलीलाही क्षणभर नको वाटलं, पण क्षणभरच.

"असो," थोरली म्हणाली. "दुसऱ्याच्या हातून आलेल्या वस्तूचं असंच."

तेवढ्यात सून चिमीला घेऊन बाहेर आली. चिमीच्या पाठीवर दप्तर, एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात.

"आई, आपला कोरडा आहे?" सुनेनं पुठ्ठ्याकडे पाहत विचारलं. "नक्की? कारण पेडल कालसुद्धा..."

"डोळे आहेत ना? हा बघ, खडखडीत. जा निर्धास्त."

"मग ठीक. पेट्रोल भरून मग शाळेत जाते, पंपावर गर्दी असेल." सुनेनं चिमीला मागं बसवलं, पट्टा लावला, आणि निळी गाडी फाटकाबाहेर पडली. चिमीनं काचेतून मोजा हलवला.

थोड्याच वेळात मिस्त्री स्कूटरवरून आला. धाकटीनं ओला पुठ्ठा त्याच्या पुढ्यात धरला, जणू मेलेलं मांजर धरलंय.

"मागचं डावं चाक," तो म्हणाला. "बघू या." पुठ्ठा त्यानं पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर टाकला, डाग खाली. जॅक लावला, गाडी उचलली, चाक काढून भिंतीला टेकवलं. मग ड्रम ठोकून ठोकून काढला आणि आत बॅटरी मारून बघत बसला. थोरली चहाचा दुसरा कप संपवत होती.

"काकू, इथं काहीच नाही," तो म्हणाला. "कोरडं आहे. धूळसुद्धा कोरडी."

"नीट बघ," थोरली म्हणाली.

"नीटच बघतोय. गळत असतं तर धूळ चिखलासारखी चिकटली असती." तो उठला, गाडीला वळसा घालून पुढं आला आणि बॉनेट उघडण्यासाठी पुठ्ठा उचलला. उचलला तो तसाच धरून राहिला. पुठ्ठ्याखाली बॉनेटचा पांढरा रंग सुरकुतला होता, तापल्या दुधावरच्या सायीसारखा. त्यानं अंगठा फिरवला. रंग अंगठ्याबरोबर निघून आला.

"अगं बाई, माझा रंग!" धाकटी ओरडली.

मिस्त्रीनं पुठ्ठ्यावरचा ओला भाग दोन बोटांत चोळला, वास घेतला. "हे इंजिनचं तेल नाही, काकू. रंग खातंय. हे ब्रेकचं ऑइल आहे." त्यानं घाईनं बॉनेट उघडलं आणि आतल्या छोट्या बाटलीचं झाकण फिरवलं. "आणि ही तर काठोकाठ भरलीय. एवढं सांडलं असतं तर ही खाली गेली असती. हे या गाडीचं नाहीच."

"म्हणजे?" धाकटी म्हणाली.

"म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं आहे. आणि ती गाडी जिची असेल तिनं फाटकाबाहेर काढू नये. या जुन्या गाड्यांना ब्रेकची एकच वाट. एका चाकातून गळून गेलं, की चारही चाकांचे ब्रेक गेले. पेडल आधी खोल जातं, दोनदा दाबावं लागतं, आणि मग एक दिवस दाबलं की काहीच नाही." तो वळला. "पुठ्ठे कुणी उचलले सकाळी?"

"जाऊबाईंनी," धाकटी म्हणाली.

दोघांनी थोरलीकडे पाहिलं.

थोरलीनं कपबशी पायरीवर ठेवली. पोर्चमधली निळीची जागा रिकामी होती आणि ती जागा हळूहळू मोठी होत चालली होती. दोनदा दाबावं लागतं. पाय भाड्यानं आणलेत का. एका पायात मोजा. शाळेपुढचा उतार, आणि उताराच्या तळाला ट्रक जाणारा मोठा रस्ता.

आयुष्यभर ज्या तोंडानं समोरच्याला पळवून लावलं, त्या तोंडात जीभ नुसती पडून होती. ती उचलायला जोर लागला.

"पुठ्ठे मी बदलले," ती म्हणाली. "ओला आपला होता."

धाकटी एकच शब्द म्हणाली. "फोन."

थोरलीनं फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. पुन्हा रिंग. गाडी चालवताना फोनला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे, हे थोरलीनंच सुनेला बजावलेलं. पोरीनं ऐकलं होतं.

"माझी गाडी काढा," धाकटी म्हणाली, आणि तिघांनी एकदमच तिच्या गाडीकडे पाहिलं. एक चाक भिंतीला टेकलेलं, ड्रम फरशीवर, गाडी जॅकवर लंगडी उभी. थोरलीनंच ती लंगडी केली होती.

"स्कूटर," मिस्त्री म्हणाला आणि धावला.

थोरली उभीच राहिली. ती कधी स्कूटरवर बसली नव्हती. स्कूटरवर बसणाऱ्या बायकांबद्दल मात्र खूप काही बोलली होती.

"बसा जाऊबाई!" धाकटी किंचाळली. "लाज घरी ठेवा आणि बसा!"

ती बसली. मिस्त्रीचा शर्ट दोन्ही मुठींत पकडला. एक चप्पल फाटकातच गळून पडली, ती तिला नंतर कळली.

पेट्रोलपंपावर रांग होती. निळी त्या रांगेत नव्हती. "निळी जुनी? मागं लहान मुलगी? आत्ताच गेली," पंपावरच्या माणसानं नळी हातात धरूनच सांगितलं. आत्ताच म्हणजे कधी, हे विचारायला मिस्त्री थांबला नाही.

उताराच्या माथ्यावर आल्यावर खालचा रस्ता दिसला. खाली माणसं जमली होती. थोरलीला फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या. माणसांच्या पाठी अशा एका बाजूला वळलेल्या असतात तेव्हा त्यांच्यापुढं काय असतं, हे तिला वयानं शिकवलं होतं. तिनं डोळे मिटले. मिस्त्रीनं स्कूटरचा ब्रेक दाबला, आणि स्कूटर थांबते ही केवढी मोठी गोष्ट आहे असं काहीतरी वेडगळ तिच्या मनात आलं.

"मोठ्या काकू. उतरा. मुलगी बसलीय तिथं. डोळे उघडा."

मोठ्या रस्त्याच्या अलीकडे रोपवाटिका होती. निळी गाडी रोपवाटिकेचं कुंपण तोडून खताच्या मातीच्या ढिगात नाक खुपसून उभी होती. सगळीकडे कुंड्यांच्या खापऱ्या. चिमी एका पालथ्या कुंडीवर बसून कुणीतरी दिलेलं बिस्किट खात होती. दोन्ही मोजे आता जागेवर होते.

"आजी," ती म्हणाली, "आईनं गाडी मातीत पेरली."

थोरलीनं तिचं डोकं, हात, गुडघे, पाठ चाचपली. पुन्हा पहिल्यापासून चाचपली.

"आजी, गुदगुल्या होतात."

रोपवाटिकेचा मालक कुंड्यांवरून ओरडत होता. थोरली त्याच्याकडे वळली. एरवी तो माणूस अर्ध्या मिनिटात माफी मागून चहा पाजता. आज तिनं नुसतं पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यात काय दिसलं कोण जाणे, तोच ओरडणं सोडून खुर्ची आणायला गेला.

सून गाडीतच होती. दार कुणीतरी उघडलं होतं, पण ती उतरली नव्हती. दोन्ही हात स्टिअरिंगवर. हॅण्डब्रेक मुळापासून वर ओढलेला.

"पेडल जमिनीला टेकलं, आई," ती समोरच्या मातीकडे बघत म्हणाली. "दोनदा दाबलं. चार वेळा दाबलं. काहीच नव्हतं तिथं. गिअर खाली टाकला, हॅण्डब्रेक ओढला, तरी जातच होती. पुढं ट्रक दिसत होते. मग माती दिसली." ती थांबली. "पुठ्ठा कोरडा होता ना?"

मिस्त्री मागच्या डाव्या चाकाशी आडवा झाला होता. टायरची आतली बाजू चकाकत होती, आणि तिच्यावर वाटेतली धूळ चिकटून चिखल झालेला. त्यानं ते पाहिलं आणि तसाच पडून राहिला, वर यायची घाई केली नाही. बोलायचं काम त्याचं नव्हतं.

"कोरडा नव्हता," थोरली म्हणाली. "आपला ओला होता. सकाळी मी बदलला. धाकटीपुढं मान खाली जाऊ नये म्हणून."

सुनेनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. राग असता तर थोरलीनं तो ओळखला असता, रागाची तिची जुनी ओळख. हे वेगळं होतं. आपल्या घरात शिरल्यावर आतून अनोळखी माणूस बाहेर यावा, तसं पाहिलं तिनं.

"चिमीला घरी न्या," सून म्हणाली. "चालत."

थोरलीनं नातीचा हात धरला आणि एका चपलेवर तो सगळा उतार चढली.

गाडी दोर लावून पोर्चमध्ये आणली गेली. सून कामावर बसनं जायला लागली. घरात बोलायची ती कामापुरतं: भाकरी झाली, दूध उतू जातंय, चिमीचं नाक पुसा. थोरलीला कधीच इतक्या आदरानं वागवलं गेलं नव्हतं, आणि तिला ते सोसवत नव्हतं. नवऱ्यानं एकदाच काय ते म्हटलं, "तू तरी..." आणि वाक्य अर्धंच ठेवून पेपर वर धरला. धाकटीनं तर कुणाला काहीच सांगितलं नाही. भाजीवाल्याला नाही, इस्त्रीवाल्याला नाही. थोरली दाराआड उभी राहून ऐकायची, पण तिकडून आवाजच नसायचा.

सुट्टीच्या दिवशी मिस्त्री सामान घेऊन आला. त्यानं निळीचा मागचा ड्रम काढला तेव्हा आत काळा चिकट लगदा होता. मधल्या छोट्या सिलिंडरचं रबर फाटून त्याची कड बाहेर आली होती.

"हे बघा. पेडल दाबलं की तेल इथं येतं आणि या दोन पट्ट्यांना ढकलतं. त्या ड्रमला घासतात, चाक थांबतं. हे रबर फाटलं, म्हणून तेल पट्ट्यांना ढकलायच्या ऐवजी बाहेर. आणि पट्ट्याही तेल प्यायल्यात, या आता पुसून उपयोग नाही." त्यानं नवा सिलिंडर बसवला, पट्ट्या बदलल्या, दुसऱ्या बाजूचं रबरही बदललं. "एक फाटलं की जोडीदाराचा भरवसा नसतो," तो म्हणाला, आणि दोन्ही जावांकडे बघायचं कटाक्षानं टाळलं.

मग बाटलीत नवं ऑइल ओतलं. "आता नळीतली हवा काढायची. एकानं आत बसून पेडल दाबायचं, मी चाकाशी बसून स्क्रू सोडणार."

सगळे सुनेकडे बघायला लागले.

"मी त्या सीटवर बसणार नाही," सून म्हणाली आणि पायरीवर बसली.

थोरली उठली. ड्रायव्हरच्या जागी ती कधी बसली नव्हती. स्टिअरिंग छातीला लागत होतं. तिनं पाय पेडलवर ठेवला आणि दाबला.

पाय खाली गेला. सरळ खाली, फरशीपर्यंत, मधे काहीही न लागता. अंधारात पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं. तिच्या तोंडातून आवाज निघाला. ती गाडी उभी होती, पोर्चमध्ये होती, चाकांना विटा लावलेल्या होत्या, तरी तिच्या अंगाला दरदरून घाम फुटला. पोरीच्या पायाखाली हे आलं होतं. हे, आणि पुढं ट्रक.

"दाबा काकू," मिस्त्री मागून ओरडला. "पुन्हा. पुन्हा. आता धरून ठेवा. सोडू नका हं, सोडलं की हवा परत आत."

धाकटी चाकाशी बाटली धरून बसली होती. नळीतून तेल येत होतं आणि त्यात बुडबुडे.

"जोर लावा की जाऊबाई," धाकटी म्हणाली. किती दिवसांनी ती बोलली. "इतकी वर्षं आम्हाला दाबता तसं दाबा."

"पायात गोळा आलाय."

"येऊ द्या. धरा."

"धरलंय!"

"सोडा," मिस्त्री म्हणाला. "दाबा. धरा."

असं खूप वेळ चाललं. एकेका चाकाशी, पुन्हा पुन्हा. हळूहळू पायाखाली काहीतरी जमायला लागलं, आधी पिठाच्या गोळ्यासारखं, मग दगडासारखं. थोरलीनं शेवटी दाबलं तेव्हा पेडल बोटभर गेलं आणि ठाम थांबलं. ती दाबून बसून राहिली. मिस्त्रीनं दोनदा सांगितलं, झालं, सोडा, तरी तिला पाय उचलवेना.

उतरताना ती धाकटीच्या बॉनेटपाशी थांबली. सुरकुतलेला रंग आता खपलीसारखा निघाला होता. "हा मी लावून देते," ती म्हणाली.

"द्याल तेव्हा द्या," धाकटी म्हणाली. "पुठ्ठ्याला मी खूण करते म्हणत होते."

"म्हणत होतीस."

"मग?"

"मग काही नाही. करायला हवी होतीस."

धाकटीनं तिच्याकडे तिरपं पाहिलं, आणि बाटलीतलं घाण तेल सांभाळून डब्यात ओतलं.

"आता एकदा उतारावरून नेऊन बघायला हवी," मिस्त्री म्हणाला. "मी नेतो."

सून पायरीवरून उठली. "किल्ली द्या," ती म्हणाली.

ती गाडीत बसली, आरसा सरळ केला, पेडल दाबून बघितलं. तीनदा. मिस्त्री शेजारी बसायला निघाला तेवढ्यात थोरलीनं पलीकडचं दार उघडलं आणि कुणी बोलावलं नसताना आत बसली. पट्टा तिला लावता येईना. सुनेनं हात लांब करून तो खटकन लावला आणि तिच्याकडे न बघता गाडी काढली.

सपाट रस्त्यावर सुनेनं बऱ्याच वेळा ब्रेक मारले. प्रत्येक वेळी गाडी थांबली. उताराच्या माथ्यावर मात्र तिनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवूनच बसली. खाली रोपवाटिका दिसत होती. कुंपणाच्या जागी कुणीतरी दोरी बांधली होती.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"समजा, मिस्त्रीकाकांनी तेलाचा वास घेतलाच नसता. मी त्या दिवशी नीट घरी आले असते. तर संध्याकाळी सांगितलं असतंत?"

उत्तर तयार होतं. सांगितलंच असतं, म्हणजे काय, माझी नात त्या गाडीत बसते. ते वाक्य अगदी ओठाशी आलं होतं, आणि चांगलं घडीव होतं. थोरलीनं ते तिथंच धरून पाहिलं आणि तिला दिसलं की ते खोटं आहे. संध्याकाळी ती चहा पीत बसली असती. दुसऱ्या दिवशीही पोरीला निर्धास्त जा म्हणाली असती. आठवडाभर.

"नसतं सांगितलं," ती म्हणाली.

तिनं छातीवरचा पट्टा घट्ट धरला. आता ही म्हणेल उतरा, आणि मी उतरेन, तिनं ठरवलं.

सुनेनं आरसा पुन्हा सरळ केला.

"यापुढं गाडीबद्दल मी जे म्हणेन ते शेवटचं," ती म्हणाली. "मी म्हटलं पेडल खोल जातंय, की गाडी उभी. माझ्या बुटांचं नाव निघायचं नाही. काकू काय म्हणतील ते निघायचं नाही."

"बरं."

"आणि घरातली गोष्ट लपवायची झाली तर आधी मला सांगून लपवायची."

"बरं."

सुनेनं गिअर टाकला. गाडी उतरायला लागली. थोरलीचा उजवा पाय आपोआप समोरच्या मोकळ्या जागेत जोरानं दाबला गेला आणि तिनं तो तसाच दाबून धरला, अर्ध्या उतारापर्यंत, दोरी बांधलेल्या कुंपणापर्यंत, तळापर्यंत. सुनेनं ब्रेक दाबला. मोठ्या रस्त्याच्या अलीकडे निळी गाडी गुपचूप उभी राहिली.

समोरून ट्रक चालले होते. डावीकडे एक टेंपो आडवा लावलेला, त्याच्यामागचं सुनेला दिसत नव्हतं.

"तुमच्या बाजूनं काही येतंय का बघा," सून म्हणाली.

थोरलीनं काच खाली केली. पट्टा ताणून मान बाहेर काढली आणि बघितलं. मग पुन्हा बघितलं. एक सायकलवाला होता, तो पूर्ण जाईपर्यंत ती थांबली.

"आता काही नाही," ती म्हणाली.

सुनेनं गाडी रस्त्यावर घेतली.